तीन हजार बारा

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्याच्या बहिणीला नाही. देवासमोर बसते तेव्हासुद्धा या विषयाला वळसा घालूनच उठते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही समोर नाही आहात. समोर असतात तर मी मधेच चहा टाकायला उठले असते आणि परत येताना दुसरंच काही बोलायला लागले असते. मला ते छान जमतं.

नऊ वर्षं झाली. रडू वगैरे येत नाही, आधीच सांगून ठेवते. वाईट वाटतं का? वाटत असावं. दाढेत इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं काहीसं आहे. तेव्हा माझ्या आवाजात पश्चात्ताप शोधू नका. असला तरी तो तुमच्यापर्यंत पोचेल असं मला वाटत नाही.

मी मूळची चिंचवडची. एका कारखान्यात गेज तपासायचं काम केलं, अकरा वर्षं. म्हणजे मोजायची साधनं स्वतः नीट मोजतात की नाही, हे बघायचं. दुसऱ्याची चूक काढण्याचा पगार मिळायचा म्हणा ना. मग नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली, आम्ही मस्कतच्या कडेला माबेल्यात घर घेतलं, आणि चार महिन्यांत मी घरात बसून बसून इतकी चिडचिडी झाले की नवऱ्यानेच माझा बायोडेटा चार ठिकाणी फिरवला. त्यातलं एक ठिकाण म्हणजे ओमानी मालकाची, उपकरणं तपासून देणारी छोटी प्रयोगशाळा होती. तिथे लागले. मालकाला सगळे अर्बाब म्हणत, मीही म्हणू लागले.

अर्बाबला एक नाद होता. जुन्या रायफली.

इकडे कित्येक घरांत आजोबा-पणजोबांची रायफल भिंतीवर असते. ब्रिटिश लष्करातली जुनी, एका वेळी एकच गोळी घेणारी, खाली लिव्हर असलेली. नळीवर चांदीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. लग्नात, ईदला खाली उतरवतात, खांद्यावर घेऊन नाचतात, पुन्हा वर टांगतात. प्रत्येकीचं लायसन्स असतं, एक कार्ड असतं, कार्डावर नळीचा नंबर असतो. आणि अर्बाबसारखे हौशी लोक या रायफली तर घेतातच, पण त्यांचे नोंदणी असलेले सुटे भागही घेतात. कुठे नुसती नळी, कुठे चाप, कुठे दस्त्याच्या टोकाची पितळी पट्टी. भाग अस्सल आहे का, कागदाशी जुळतो का, घासून पुसून नवा केलाय का, हे ओळखता आलं पाहिजे. एकदा अर्बाबने सहज म्हणून दोन चाप माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारलं, यात जुना कुठला. मी भिंग लावलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की दोन्ही जुने आहेत, पण हा एक पॉलिश व्हीलवर धरलाय, कडा बघा, गोल झाल्या आहेत. तेव्हापासून ते कामही माझ्याकडे आलं.

मला ते फार आवडायचं, हे कबूल करायला हवं. पोलाद खोटं बोलत नाही असं मला वाटे. स्क्रूच्या खाचा बघायच्या. कुणी चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर लावला असेल तर खाचेचे कान मुडपलेले दिसतात, म्हणजे ती रायफल कधीतरी खोलली गेली आहे. लाकूड आणि लोखंड जिथे भेटतात तिथे नख फिरवायचं. नळीत एका बाजूने छोटा दिवा सोडून दुसऱ्या बाजूने बघायचं. आत पिळाचे चर असतात, ते धारदार आहेत की झिजलेत, गंजाचे खड्डे पडलेत का. शेवटी नंबर. ठोकलेल्या आकड्याची खोली सगळीकडे सारखी हवी. अर्बाब पाहुण्यांसमोर माझं तोंड भरून कौतुक करायचा. त्याच्या हिंदीत, "इस मैडम का आँख में मशीन है." मी मान खाली घालून हसायचे आणि आतून फुगायचे. चाळिशीला आलेल्या बाईला परक्या देशात कुणी असं म्हटलं की काय होतं, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

आणखी एक सवय सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडकलंय. मी आकडे देवनागरीत लिहिते. चिंचवडला मला काम शिकवणारे वयस्कर साहेब होते, त्यांची डायरी देवनागरीत असायची, माझीही तशीच पडली. मस्कतच्या प्रयोगशाळेतली केरळची मुलं हसायची. मी म्हणायचे, हसा, पण माझी डायरी चोरून वाचता येते का बघा. जरा गर्वच होता त्याचा.

आता रुस्ताक.

मस्कतपासून दूर, आत डोंगराकडे असलेल्या रुस्ताक गावात अर्बाबचा एक जुना मित्र वारला. त्याच्याकडे तशी एक रायफल होती. त्याचा मुलगा सालिम दूर सलालाला नोकरीला, त्याला या गोष्टींत रस नव्हता. म्हणून त्या मित्राच्या बायकोनेच निरोप पाठवला की तुम्ही घेऊन जा, पण अट एकच, तिचे भाग सुटे करायचे नाहीत, ती अख्खी राहिली पाहिजे. अर्बाब खूश झाला. पण बघायला जाणार कोण? ती बाई इद्दतमध्ये होती. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही. रायफल तिच्या खोलीत, आणि ती दुसऱ्याच्या हाती एकटी सोडायला तयार नव्हती. म्हणजे बघणारी बाईच हवी. अख्ख्या ओमानात तेव्हा रायफलीच्या नळीत डोकावणाऱ्या बायका किती असतील? मी गेले.

सोबत अर्बाबचे ड्रायव्हर दाऊदभाई. रत्नागिरीकडचे, बत्तीस वर्षं इकडे काढलेले, अरबी अगदी घरच्यासारखं. ते दाराबाहेर ओसरीत बसणार, दार अर्धवट उघडं, आणि तिथून दोन्हीकडचं एकमेकींना सांगणार, असं ठरलं होतं.

आमचं स्वागत केलं ते तिच्या सख्ख्या भावाने. हमद त्याचं नाव. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा, बोलताना सारखा हसणारा. त्याने हात धुवायला पाणी दिलं, खजूर दिले, छोट्या कपात काहवा, म्हणजे इकडची कॉफी, ओतला. नंतर मला बहिणीच्या खोलीत नेलं, भिंतीवरची रायफल उतरवली, खांद्यावरच्या रुमालाने तिच्यावरची नसलेली धूळ पुसली आणि गादीवर आडवी ठेवली. जाताना दाराआडच्या दाऊदभाईंना काहीतरी म्हणाला. दाऊदभाईंनी मला सांगितलं, "ताई, तो बोलतोय, दाजी दर जुम्म्याला नमाजवरना आलं की हिला तेल लावायचं. चाळीस वरसां. एक जुम्मा चुकवला नाय."

मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही.

त्या बाईला सगळे उम्म सालिम म्हणत, सालिमची आई. साठीच्या पुढची, जाड चष्म्याची, काळ्या कपड्यांत. माझा मोबाईल तिने बाहेरच ठेवायला सांगितला. बायकांच्या खोलीत कॅमेरा नको, ते बरोबरच होतं. म्हणजे फोटो नाहीत, फक्त डायरी. तिने गादीखालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. जुनं, पेनाने भरलेलं, शाई तपकिरी झालेली. ते तिने हातातून सोडलं नाही, माझ्यासमोर धरून बसली. मी नंबर उतरवून घेतला आणि कामाला लागले.

आधी बघितलं ती रिकामी आहे ना. मग नळीत दिवा सोडला. आणि मला धक्काच बसला, कारण आतून नळी चकचकीत होती. चर असे तीक्ष्ण, की जणू काल पाडलेत. या वयाच्या, या खाऱ्या हवेच्या देशातल्या नळ्या मी पाहिल्या होत्या. त्यांच्यात खड्डे असतातच. माझ्या डोक्यात पहिला विचार आला की ही नळी या रायफलीची नाही. गोळी जिथे भरतात त्या मधल्या पोलादी पेटीवरचा नंबर घासून घासून गेलेला होता, त्याचा उपयोग नव्हता. चांदीच्या पट्ट्यांपैकी नळी आणि पेटीच्या सांध्याजवळची पट्टी बाकीच्यांपेक्षा नवी दिसत होती, तिचं झाळकाम वेगळं होतं. मी मनात म्हटलं, बघा, सांधा झाकलाय. मग नळीवरचा ठोकलेला नंबर भिंगातून वाचला. इंग्रजी आकडे, स्वच्छ. पस्तीसशे बारा. डायरीत बघितलं. तीन हजार बारा.

जुळत नव्हता.

त्या क्षणी मला काय वाटलं? आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतो, पण तेच खरं आहे. पकडलं, असं वाटलं. एका मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर गादीवर बसून मला पकडल्याचा आनंद झाला.

मी दाराकडे तोंड करून म्हटलं, "दाऊदभाई, सांगा त्यांना. नळी बदललेली आहे."

बाहेरून त्यांचा आवाज आला. "ताई, नक्की ना? सांगू तसां?"

हा 'नक्की ना' मला झोंबला. अकरा वर्षं मोठमोठ्या इंजिनियरांच्या चुका काढलेली मी, आणि हे मला विचारणार, नक्की ना? मी म्हटलं, "मी बघून सांगतेय ना? नंबर वेगळा आहे. सांगा."

त्यांनी सांगितलं. उम्म सालिमने चष्मा काढला आणि पुन्हा लावला. तिने एकच शब्द विचारला. दाऊदभाई म्हणाले, "इचारतेय, कधी?"

तेव्हा मला गप्प बसता आलं असतं. हे सांगता येणार नाही, असं म्हणता आलं असतं, आणि तेच प्रामाणिक उत्तर होतं. पण शहाणपण पाजळायचं म्हटल्यावर मी अर्ध्यावर कशी थांबणार? मी त्या नव्या पट्टीवर बोट ठेवलं आणि सांगितलं की ही पट्टी दहा-बारा वर्षांपूर्वी बसवलेली दिसते, तेव्हाच केव्हातरी.

तिने त्या पट्टीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं — दाऊदभाईंच्या नाही, पलीकडच्या दाराकडे, जिथून हमद गेला होता. तिने रायफल स्वतःच्या मांडीवर घेतली, कापडात गुंडाळली आणि मान हलवली. म्हणजे झालं, जा.

निघताना हमद हसत अंगणात आला. काय ठरलं ते त्याला माहीत नव्हतं, आणि आम्हाला विचारणं त्याला बरं वाटलं नसावं. त्याने आपल्या बागेतल्या लिंबांची पिशवी गाडीत ठेवली. बारीक सालीची, वासाची लिंबं. मी शुक्रन म्हटलं. रस्त्याला लागल्यावर अर्बाबला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, खलास, मैडम, छोड़ दो, अच्छा हुआ आप गया.

आता खरं ते.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. चूक कुणाचीही होते. मी अजून जे सांगितलेलं नाही ते पुढे आहे, आणि ते परतीच्या वाटेवर, बरका गावच्या पेट्रोल पंपावर झालं. दुपारचे साडेतीन-चार वाजले असतील. दाऊदभाई चहा आणायला उतरले. समोर एक पिकअप उभी होती. इकडच्या नंबरप्लेटवर आकडे दोनदा असतात, अरबी आणि इंग्रजी. मी रिकाम्या डोळ्यांनी बघत होते. अरबीत एक गोल, आणि इंग्रजीत त्याच जागी पाच.

अरबी पाच म्हणजे गोल. आपल्या शून्यासारखा, जरा लंबुळका. त्यांचं शून्य म्हणजे नुसतं टिंब. हे मला माहीत नव्हतं का? पहिल्याच आठवड्यात पाठ केलं होतं, टॅक्सीचे नंबर वाचता यावेत म्हणून. पण त्यांचा तीन आपल्या तीनसारखा, दोन आपल्या दोनसारखा, एक म्हणजे काठी. कार्डावरचे अरबी आकडे मी वाचलेच नव्हते. माझ्या हाताने ते आकार डायरीत उतरवले, आणि माझ्या डोळ्याने ते बालवाडीपासूनच्या सवयीने मराठीत वाचले. तीन, शून्य, एक, दोन. तिथे होतं तीन, पाच, एक, दोन. पस्तीसशे बारा. तीच नळी. तोच नंबर. आणि आतून ती चकचकीत होती, कारण एक माणूस चाळीस वर्षं दर शुक्रवारी तिला तेल लावत होता. मला तेही सांगितलेलं होतं.

डायरी मांडीवर उघडी होती. रुस्ताक मागे, पाऊण तासाच्या अंतरावर. गाडी वळवायची, आत जायचं, म्हणायचं की माझी चूक झाली. दहा मिनिटांचं काम. दाऊदभाई दोन कागदी कप घेऊन आले, एक मला दिला, म्हणाले, साखर जास्ती पडली. मी म्हटलं, चालेल. ते म्हणाले, निघायचं ना? मी म्हटलं, यल्ला, चला.

एवढंच. पुढे एवढंच झालं.

का? नोकरीची भीती होती, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. अर्बाब हसला असता, फार तर चार दिवस चिडवलं असतं. मला भीती वाटली ती दाऊदभाईंची. त्यांनी विचारलं होतं, नक्की ना? आणि मी त्यांच्यावर ओरडले होते. जेमतेम सातवी शिकलेल्या, गाडी चालवणाऱ्या माणसासमोर मला म्हणायला लागलं असतं की तुम्ही विचारलंत ते बरोबर होतं. ते मला जमलं नाही. इतकी क्षुल्लक गोष्ट आहे ती. मोठं काही कारण असतं तर बरं झालं असतं, निदान सांगताना लाज कमी वाटली असती.

घरी येऊन मी त्या लिंबांचं लोणचं घातलं. चांगलं मुरलं. आम्ही ते वर्षभर खाल्लं, शेजारणीलाही बरणीभर दिलं, तिने कृती मागून घेतली. डायरीतलं ते पान मी फाडलं नाही. फाडण्याइतकंही काही वाटलं नाही, की वाटू दिलं नाही, कोण जाणे.

चार-पाच महिन्यांनी दाऊदभाईंनी गाडीत सहज विषय काढला. उम्म सालिमची इद्दत संपली, पण रायफल विकायची नाही म्हणते, पेटीत घालून कुलूप लावलंय. आणि भावाला तिने घरात येऊ देणं बंद केलंय. त्याला नाही, त्याच्या बायकोला नाही, पोरांनाही नाही. का, ते सांगत नाही. मुलालाही सांगत नाही. मग ते म्हणाले, दहा-बारा वर्षांमागे रायफलीची एक पट्टी सुटली होती, ती रुस्ताकच्या सुकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, चांदीवाल्याकडे न्यायला हमदच गेला होता. तीन आठवडे ती त्याच्याकडे होती. "म्हंजे तेवाच त्यानं..." एवढं बोलून ते थांबले. तोंड समोर रस्त्याकडेच होतं. मी म्हटलं, काय सांगावं दाऊदभाई, माणसाचा काय भरवसा.

हो. हे मी म्हणाले. शब्द तेच आहेत.

ती कुणाला का सांगत नव्हती, हे मला समजावून सांगायला लागलं नाही. आपल्या माहेरच्या माणसाने नवऱ्याच्या वस्तूला हात लावला, हे बाई सासरी कुणाला सांगेल? मुलाला तर मुळीच नाही. ती त्याला चोर म्हणू शकत नव्हती आणि भाऊ म्हणू शकत नव्हती, मग तिने दार लावून घेतलं. ती भांडली असती, नंबर वेगळा आहे म्हणून त्याच्या तोंडावर कार्ड फेकलं असतं, तर त्याने ते बघितलं असतं आणि एका मिनिटात सगळं निस्तरलं असतं. तिला स्वतःला इंग्रजी आकडे वाचता येत नव्हते. दाखवायचं म्हणजे आरोप करायचा. तिने भावाची अब्रू राखली. आणि भावाला नऊ वर्षं कळलेलं नाही की आपण काय केलं.

दाऊदभाई नंतर कायमचे गावी गेले. अर्बाबच्या मुलाने प्रयोगशाळा वाढवली, रायफलींचा नाद मागे पडला. मी अजून तिथेच आहे, बढती झाली. नव्या लोकांना शिकवते. रीडिंग दोनदा घ्या, दुसऱ्याकडून एकदा तपासून घ्या, असं सांगते. ऐकतात बिचारे.

गेल्या थंडीत एका शुक्रवारी सकाळी नवरा आणि मी बरक्याला मासळी बाजारात गेलो होतो. नवरा सुरमई कापून घ्यायला ओट्यापाशी उभा होता, मी बाजूला. कुणीतरी सलाम मॅडम म्हणालं. मी ओळखलं नाही. दाढी पूर्ण पांढरी, हातात कोळंबीची पिशवी. मग तो हसला आणि ओळखलं, हमद.

इकडचे लोक बोलतात तसं हिंदी तो बोलत होता. माझी तब्येत विचारली, मुलांचं विचारलं, दाऊदभाईंचं विचारलं. आधी सगळ्यांची विचारपूस झाल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, ही इथली रीत. मी उत्तरं देत होते आणि मला माहीत होतं की काय येतंय. मग तो जरा जवळ सरकला. आवाज खाली आणला.

"मैडम, आप उस दिन आया था ना, मेरा बहन का घर. बंदूक देखने. उस दिन के बाद बहन मेरे से बात नहीं करता. मैं सबको पूछा. अल्लाह का कसम, मेरे को मालूम नहीं मैं क्या किया." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आप अंदर बैठा था. वो मेरा बारे में कुछ बोला?"

तो माझ्याकडे उत्तराची आशा न उरलेल्या, पण विचारायचं राहून गेलं असं नको म्हणून विचारणाऱ्या माणसासारखा बघत होता. माझ्या मागे कोयता ओट्यावर पडत होता. नवरा हाक मारून विचारत होता, डोकं घ्यायचं का.

मला सगळं येत होतं. शब्द येत होते, हिंदीत, तयार. आपकी बहन की गलती नहीं, मेरी गलती है. पाच और ज़ीरो. एवढं पुरलं असतं. त्याने तिथून गाडी काढली असती आणि तासाभरात तो तिच्या दाराशी असता.

मी म्हटलं, "नहीं. कुछ नहीं बोला. मेरे को कुछ मालूम नहीं."

तो म्हणाला, अच्छा. मग म्हणाला, माफ करना मॅडम, आपको तकलीफ दिया. त्याने माझी माफी मागितली. मी म्हटलं, कोई बात नहीं. नवऱ्याकडे वळून सांगितलं, हो, डोकं घे.

घरी येताना नवऱ्याने विचारलं कोण होता. मी म्हटलं, ऑफिसच्या कामात एकदा भेट झाली होती. त्या दिवशी सुरमईची आमटी केली. नीट झाली होती. जेवताना मी वाट बघत होते की घशाखाली उतरणार नाही, पण उतरली.

उम्म सालिम अजून आहे. तब्येत खालावली आहे, सालिम तिला सलालाला बोलावतो, ती जात नाही, असं अर्बाबच्या बायकोकडून कळलं. ते घर मला माहीत आहे. माबेल्यातून तासाभराचा रस्ता आहे, आता तर सरळ मोठा हायवे झालाय. गाडी मला चालवता येते. शुक्रवार-शनिवार मला सुट्टी असते. गेल्या थंडीपासून आजपर्यंत किती शुक्रवार झाले, ते मी मोजलेले नाहीत.

मी गेलेले नाही. हे सगळं लिहिलं, तेही मराठीत. त्या घरात एकालाही मराठी वाचता येत नाही, आणि लिहायला बसले तेव्हा हे मला माहीत होतं.